बोक्याचा श्रावण

कोंबड्या पाळायची हौस मला कधीच नव्हती. अंबडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेड, हे माझं काम. कोंबडीशी माझा संबंध ताटात यायचा, तोही बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढाच. तरीही आईला नाशिकला आणल्यावर दोन महिन्यांच्या आत मी स्वतः हरसूलच्या बाजारात गेलो आणि पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आलो. पाय बांधून त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर पाटीत ठेवलं होतं. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी त्या सीटचं काय केलं ते इथं लिहीत नाही.

हे सगळं आईसाठी. आई सायखेड्याला राहायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतर दोन वर्षं ती तिथं एकटी होती. शेत वाट्यानं दिलेलं, घर मोठं, माणूस एक. एका सकाळी ती न्हाणीत पाय घसरून पडली. शेजारची बाई दुपारी विरजण मागायला आली तेव्हा कळलं. तोवर आई ओल्या फरशीवर तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसानंतर तिला तिथं एकटं ठेवायची माझी छाती झाली नाही. पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाउस आहे, तिथं घेऊन आलो.

ती आली खरी, पण पाहुण्यासारखी. खुर्चीच्या कडेवर बसायची. पंखा लावू का म्हणून विचारायची. दर आठ दिवसांनी मला म्हणायची, "मंग मला कधी सोडतो?" मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. एकदा मागच्या अंगणात उभी राहून ती स्वतःशीच म्हणाली, "एवढी मोकळी जागा हाय. दुसरं कोणी असतं तर चार कोंबड्या तरी ठिवल्या असत्या." मला तेवढंच पुरे होतं.

खुराडं मी स्वतः बनवलं. एक इंची चौकोनी पाइप, वेल्डमेश जाळी, वर पत्रा, दोन कड्या, वर रेड ऑक्साइडचा हात. आईनं त्याला चारी बाजूंनी फेरी मारली आणि विचारलं, "यात कोंबड्या ठिवायच्या का चोर?" पण दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठायला लागली. कोंबड्यांना सोड, कण्या टाक, पाणी बदल, संध्याकाळी मोजून आत घे. खुर्चीच्या कडेवर बसणं बंद झालं आणि सायखेड्याला सोड म्हणणंही. बायको मला म्हणाली, "तुम्ही आयुष्यात एक शहाणपणाचं काम केलंत." आमच्या घरात हे मोठं सर्टिफिकेट आहे.

आता श्रावणाचं सांगायला हवं. आमच्याकडे गटारीला आडवातिडवा हात मारायचा आणि श्रावण लागला की अंडंसुद्धा घरात नाही, ते थेट पोळा होईपर्यंत. आईचं तर त्याहून कडक. लग्न झाल्यापासून तिचा श्रावण एकदाही मोडलेला नाही. अण्णा गेले तेही श्रावणातच. शेवटी त्यांच्या तोंडाची चवच गेली होती, पेज नको, वरण नको. एके दिवशी त्यांनी भाजलेला बोंबील आणि भाकरी मागितली. आई म्हणाली, आठ दिवसांवर पोळा आलाय, तेवढं थांबा. मीही तिथंच बसलो होतो. मीसुद्धा म्हणालो, हो अण्णा, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे. ते पाचव्या दिवशी गेले. त्यावर घरात पुन्हा कोणी एक शब्द काढला नाही.

तर गटारी झाली आणि श्रावण लागला. घरात अंडी खायची नाहीत आणि कोंबड्यांना तर ते कळत नाही, त्या रोज घालतातच. अंडी साचली. त्यातच काळी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसून राहायला लागली. आईला आनंद झाला. तिनं भुसा घातलेल्या टोपलीत अकरा अंडी मांडली, विषमच हवीत असा तिचा नियम आहे, आणि काळीला वर बसवलं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं कुंकवाचं बोट लावून तो दिवस खुणावला. सोमवार होता.

आठवड्याभरानं पहिली कोंबडी गेली. दुपारची वेळ होती, आई जेवत होती. मागं एकच कलकलाट झाला. ती उठून जाईपर्यंत अंगणात तांबडी पिसं पडलेली आणि कंपाउंडवरून एक बोका पलीकडे उतरताना दिसला.

हा बोका आमच्या ओळखीचा होता. कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमधल्या झुडपांत राहायचा. काळसर पट्ट्यांचा, एक कान फाटलेला, मान बैलासारखी. माणूस दिसला की पळायचा, कुणाच्या घरात शिरायचा नाही. बरेच महिने तो आमच्या भिंतीवर बसायचा आणि कोंबड्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो. आता याला अचानक काय झालं ते कळेना.

मला राग लवकर येतो आणि राग आला की मी वेल्डिंग मशीन काढतो. कंपाउंडवर अँगल लावून जाळी दीड फुटानं वाढवली. बोका ती जाळी चढून आरामात वर बसला. बायकोनं कुठून तरी ऐकलं होतं म्हणून निळीचं पाणी भरलेल्या बाटल्या ओळीनं टांगल्या. बोका बाटल्यांच्या मधून आला. एकदा मी त्याला चप्पल फेकून मारली. ती शेजाऱ्यांच्या सोलरवर गेली आणि अजून तिथंच आहे.

"दिवसाही कोंडून ठेव ना," मी आईला म्हणालो. "एवढं खुराडं कशाला केलंय मी?"

"कोंबडी काय पोपट हाय का पिंजऱ्यात ठिवाया?" ती म्हणाली. "उकरल्याबिगर तिला जगता येतं का? उद्या पिल्लं निघतील. त्यांला उकराया कोण शिकवल? तुझं लोखंड उकरू का त्यांनी?"

मग तिनंच राखण करायची ठरवली. रोज जेवण झालं की मागच्या दारात खुर्ची टाकायची आणि मांडीवर काठी आडवी घेऊन बसायचं. चार दिवस सगळं नीट चाललं. पाचव्या दिवशी तिचा डोळा लागला. बोक्यानं खुर्चीपासून दहा पावलांवरून दुसरी कोंबडी उचलली.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. पहिल्या महिन्यात बसायची तशीच. काठी तिनं कुठंतरी ठेवून दिली होती.

"माझ्या डोळ्यांदेखत नेली," ती म्हणाली. "चार कोंबड्यांची राखणसुदिक व्हईना माझ्याच्यानं. इथं बसून मी करू काय?"

मी म्हणालो, आई, एका कोंबडीचं काय एवढं. हे बोलायला नको होतं. ती शांतपणे म्हणाली, "पिल्लं निघू दे. तीबी यानं खाल्ली तर पोळ्याला मला सायखेड्याला सोड. मंग आनाया येऊ नको."

ती रागानं बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती रागावली नव्हती. मला सायखेड्याची ओली न्हाणी दिसायला लागली, दार आतून लावलेलं. जेवण गेलं नाही. 

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपची कामं बाजूला ठेवून मी पिंजरा केला. आत पाटा, पाट्यावर पाय पडला की मागचं दार खाली. बोका सापडला की पोत्यात घालायचा आणि गोदावरीच्या पलीकडे नेऊन सोडायचा, असा बेत होता. मांजर नदी ओलांडून परत येत नाही म्हणतात, आणि मारायचं तर आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. आता आत ठेवायचं काय? मी म्हटलं, चिकनचा तुकडा. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तिथंच सोडलं. श्रावणात घरात चिकन, तेही आईसमोर. शेवटी दूध-पोळीचा काला करून त्यावर तुपाची धार सोडली. असा नैवेद्य त्या गल्लीत दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.

दोन दिवस बोका फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पिंजऱ्याचं दार खाडकन पडल्याचा आवाज आला. आम्ही सगळे मागं धावलो. मी पोतं घेतलं होतं. पिंजऱ्यात आमचीच पांढरी कोंबडी उभी होती आणि तुपातली पोळी टिपत होती. बोका भिंतीवर बसून ते बघत होता.

भांडी घासायला येणाऱ्या मावशी तेव्हा मागच्या नळावर होत्या. त्या सुरगाण्याच्या बाजूच्या. द्राक्षाच्या कामाला म्हणून दरवर्षी खाली यायच्या, मग इथंच राहिल्या. त्या इतक्या हसल्या की हातातलं पातेलं खाली ठेवून बसल्या.

"दादा, दूध-पोळीला कोंबडीच यायची," त्या म्हणाल्या. "बोका कशाला येल? त्याचा खाना तर तुमीच बंद केला."

"कसला खाना?" मी विचारलं. मला राग आलेलाच होता.

"मी इथं भांडी घासते तवा तो त्या भितीवर बसून राहतो, बघितला नाय कधी? हाडं, बोंबलाची डोकी, सगळा त्यालाच टाकायची मी भितीपल्याड. या गल्लीत चार घरची भांडी माझ्याकडं, चारी घरचा त्यालाच. आता चारी घरी सरावण. कोपऱ्यावरचा मटनवालाबी दुकान बंद करून गावी गेला. त्यानं काय खावा?" मग आईकडे वळून त्या म्हणाल्या, "मांजर कुठं सरावण पाळतं, आजी?"

मी मुकाट्यानं पांढरीला बाहेर काढलं. गेले बारा-तेरा दिवस मी जाळीला टाके मारत होतो आणि खरी फट आमच्या पंचांगात होती. बुधवार, शुक्रवार, रविवार, चार घरांची उष्टी हाडं खाऊन हा बोका निवांत झोपत होता, म्हणून कोंबड्या जिवंत होत्या. गटारीला त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं जेवण मिळालं असणार. आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम मेथी आणि मुगाची डाळ.

 त्या दिवशी आणि रविवारी आईनं कोंबड्या कोंडूनच ठेवल्या. बायको मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "वर्कशॉपवरून येताना बाहेरच्या बाहेर त्याला काही टाकत जा. आईंसमोर विषय नको." मी हो म्हणालो, पण रविवारी वर्कशॉप बंद होतं आणि मी टाकलं नाही.

सोमवारी सकाळी टोपलीतून आवाज यायला लागला. काळीच्या पोटाखाली अंडी टिचत होती. आईची अंघोळ झाली होती. तिनं महादेवाला बेल वाहिला, दिवा लावला आणि बाहेर आली. मी बूट घालत होतो.

"भाऊ, बाजारात जाऊन ये," ती म्हणाली. "सुके बोंबील आण. डोकी असलेले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, आज सोमवार आहे."

"मला म्हाईत हाय कोनता वार हाय."

सुक्या मासळीच्या बाया श्रावणातही एका कोपऱ्यात बसतात, गिऱ्हाईक नसतं इतकंच. माझ्याकडे त्या बाईनं संशयानं पाहिलं. मी कागदाचा पुडा स्कूटरच्या डिकीत घातला आणि वर रेनकोट दाबून ठेवला, कुणी विचारलं तर काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत घरी आलो.

आईनं मागच्या भिंतीशी तीन विटा मांडल्या होत्या. घरातलं भांडं घेतलं नाही. पत्र्याचा एक तुकडा माझ्याच भंगारातून उचलला, लाकडाच्या ढलप्या पेटवल्या आणि तिच्या ऐन उपासाच्या दिवशी, ओल्या केसांनी, आमची आई बोंबील भाजायला बसली. बोंबलाचा वास लपत नाही. तो आमच्या घरातून शेजारच्या घरात गेला, तिथून पुढं गेला. बायकोनं धावत खिडक्या लावल्या. शेजारच्या गच्चीवर दोन डोकी दिसली आणि परत आत गेली.

"आई, लोक काय म्हणतील?" बायको दारातून म्हणाली.

"काय म्हणायचं ते म्हणू दे," आई म्हणाली. "त्यांच्या कोंबड्या नाय गेल्या."

बोका दहा मिनिटांत आला. आधी जाळीवर थांबला. आईनं पत्रा भिंतीजवळ सरकवला आणि मागं येऊन पायरीवर टेकली. तो खाली उतरला, आमच्यावर नजर ठेवून एक बोंबील उचलला, मग दुसरा. जवळून पाहिलं तर त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मान तेवढी जाड राहिली होती. मी त्याला दोन आठवडे शत्रू समजत होतो आणि त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

मी आईशेजारी पायरीवर बसलो. ती बोक्याकडे बघत होती.

"त्यांनी मागितला व्हता," ती म्हणाली.

बोक्यानं आणखी एक बोंबील ओढून घेतला.

"एवढासा मागितला व्हता. भाकरीसंगं. मी म्हणले, आठ दिवस थांबा. आठ दिवसांत काय व्हतं, म्हणले."

"मीही म्हणालो होतो, आई."

"तू माझं ऐकून म्हणला." तिनं पदरानं डोळे पुसले. धूर होताच, पण डोळ्यांतलं पाणी धुराचं नव्हतं. "चाळीस वर्षं ज्यांला रांधून घातलं, त्यांला नाय दिला. आन् ह्या चोराला सोमवारी भाजून घालते. महादेवाला काय सांगायचं ते माझं मी सांगीन."

 मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. अण्णा गेल्यापासून आम्ही दोघं हे एकमेकांपासून दडवत होतो, ते त्या पायरीवर, त्या वासात, बोलून झालं. बोक्यानं पत्रा चाटून पुसून ठेवला आणि भिंतीवर जाऊन तोंड धुवायला लागला. आई उठली, विटा बाजूला केल्या, दुसऱ्यांदा अंघोळ केली आणि संध्याकाळी दर सोमवारसारखा उपास सोडला.

अकरातून आठ पिल्लं निघाली. तिसऱ्या दिवशी आईनं काळीला पिल्लांसकट अंगणात सोडलं. त्याआधी तीन विटा, पत्रा आणि बोंबील झालेले होते. मग हा रोजचा परिपाठच झाला. शेजाऱ्यांना बायकोनं काय सांगितलं माहीत नाही, पण दोन दिवसांनी शेजारच्या काकू स्वतःच कंपाउंडपाशी येऊन विचारत होत्या, बोका जेवला का. बोका भिंतीवर झोपायचा. कधी एखादं पिल्लू फार चिवचिव करायला लागलं की एक डोळा उघडायचा. तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा, आईचा नाही.

पोळ्याला बायकोनं मातीचे बैल पुजले, पुरणपोळ्या केल्या. दुपारी जेवणं झाल्यावर मी गाडीची किल्ली हातात घेऊन मागच्या दारात आलो. आईनं पोळ्याला सोड म्हटलं होतं आणि नंतर त्यावर ती काहीच बोलली नव्हती. तिच्या मनात काय आहे ते न विचारता दिवस ढकलायचा मला कंटाळा आला होता. ती खुर्चीत बसली होती, पाठ टेकून. काळी पिल्लांना घेऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी उकरत होती.

"आई," मी म्हणालो, "सायखेड्याला निघायचं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पिल्लं मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "पुढल्या वर्षी आखाडातच बोंबील आणून ठिव. डब्यात भरून ठिवू मागं पडवीत. ऐन सोमवारी तुला बाजारात धाडलं, ते काय बरं नाय दिसलं."

मी बरं म्हणालो. आत गेलो आणि गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली.